डावीकडे पूल आहे

"डावीकडे. अजून थोडी डावीकडे. हं, आता सरळ. लाकडी पूल आहे पुढे. कठडा नाहीये हं त्याला."

"लाकूड वाजाय लागलंय पायाखाली," मी म्हणाले. "आलो मी पुलावर."

"मस्त. चालत राहा. हळू. हळू... थांब. अगं थांब म्हटलं ना!"

लाकडाचा आवाज संपला. कानात नुसता वारा भरला, मग खूप खाली दगडावर काहीतरी आपटलं, आणि माझ्या स्क्रीन रीडरने कोरड्या सुरात जाहीर केलं की तुम्ही मृत आहात.

"मेलो काय परत?"

मकरंद हसत होता. हसणं चांगलं होतं त्याचं, मोकळं, ऐकणाऱ्यालाही हसू यावं असं. "सॉरी, सॉरी. मी थांब म्हणेपर्यंत तू पुढे गेलीस."

"माझंच चुकलं," मी म्हणाले. "लक्ष नव्हतं."

"चालायचंच. परत जाऊ या. आज तुला पलीकडे पोचवल्याशिवाय उठायचं नाही."

हे सगळं चाललं होतं एका ऑनलाइन खेळात. त्याचं नाव सांगत नाही. तो अजून सुरू आहे आणि झाल्या गोष्टीत त्याचा काही दोष नाही. जगभरातले लोक त्यात आपापलं एक पात्र घेऊन उतरायचे आणि मिळतील त्या कामगिऱ्या पार पाडायचे. अमक्या डोंगरावरच्या वैद्याला मुळी नेऊन दे, तमक्या गुहेतल्या राक्षसाकडून मुकुट सोडवून आण. डोळस खेळाडूंना वाट शोधावी लागतच नव्हती. जमिनीवर सोनेरी रेघ उमटायची, कोपऱ्यातल्या नकाशात बाण फिरायचा, त्यांच्या मागोमाग गेलं की मुक्काम यायचा.

मला ती रेघ दिसत नव्हती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझी नजर गेली. आधी कडेकडेची गेली, मग मधली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदाच निकामी होत चाललाय, याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही. वर्षभरात मला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं.

आमचं घर इचलकरंजीत. घराला लागूनच अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, यंत्रमागाची शेड होती. दिवसभर खडाड-खट, खडाड-खट. त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले, म्हणूनच की काय, त्याच्या आडचा आवाज मला नेमका ऐकू यायचा. आई स्वयंपाकघरात कुठलं भांडं उचलतेय ते मी सांगायची. पण त्याचा उपयोग घरापुरता. मिरजेच्या एका संस्थेतून शेंडगे बाई पांढरी काठी वापरायला शिकवायला यायच्या. काही दिवस आल्या, मग मीच त्यांना येऊ नका म्हटलं. मी काठी आपटत चाचपडतेय आणि गल्ली दारात उभी राहून बघतेय, हे मला सोसत नव्हतं. कॉलेज सुटलंच होतं. मी उंबऱ्याच्या आत राहायला लागले.

खेळ मला सापडला तो त्यातल्या घंटेमुळे. कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की नव्या आवृत्तीत न दिसणाऱ्यांसाठी सोय केलीय. जिथे जायचं त्या दिशेने एक बारीक घंटा वाजते. तोंड बरोबर तिकडे असलं की दोन्ही कानांत सारखी, वळलं की एकाच कानात, पाठ केली की दबलेली, घोंगडीखालून आल्यासारखी. शिवाय पायांचे आवाज वेगळे होते. गवत वेगळं, वाळू वेगळी, पाणी वेगळं. मी दादाचा जुना लॅपटॉप मागून घेतला, हेडफोन चढवले आणि पहिल्या दिवशी नुसती चालले. कुणाचा हात न धरता चालले. हे काय होतं ते डोळस माणसाला सांगून कळणार नाही.

पण घंटेला फक्त दिशा कळायची. मधला कडा कळायचा नाही, नदी कळायची नाही, भिंत कळायची नाही. ती सरळ रेषेत बोलवायची आणि मी सरळ रेषेत जाऊन दरीत पडायची. म्हणून त्या खेळात स्वयंसेवक होते. आपलं पात्र घेऊन ते आमच्या शेजारून चालायचे आणि कानात सांगायचे, इथे वळ, इथे उडी मार. मराठी बोलणारा वाटाड्या हवा असं मी लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मकरंदचा निरोप आला. नाशिकचा होता. इंजिनिअरिंग झालेलं, नोकरी शोधत होता.

पहिल्याच दिवशी त्याने मला पकडलं. "तू मुलगी आहेस ना? मग 'मी येतो, मी जातो' काय म्हणतेस?"

"आमच्याकडं असंच बोलतात. आई बी असंच बोलती."

"परत बोल ना. गोड वाटतं."

मी परत बोलले. लाज वाटली, आणि बरंही वाटलं. नजर गेल्यापासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. याने पहिल्याच दिवशी माझी चेष्टा केली होती.

मग रोज दुपारी, आईची झाकपाक झाली की, आम्ही खेळात भेटायचो. तो वाट सांगायचाच, पण नुसती वाट नाही. मी विचारलं तर थांबून वर्णन करायचा. "आकाश आत्ता जांभळं आहे. पूर्ण नाही, कडेला केशरी." किंवा "थांब, हलू नकोस. तळ्यावर हरणं आलीयत पाणी प्यायला. निळसर आहेत. एक पिल्लू आहे, त्याला पाण्यात शिरायची भीती वाटतेय." मी श्वास रोखून उभी राहायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती हरणं मला दिसायची. नजर गेल्यानंतर नवीन म्हणून मी जे काही पाहिलं, ते मकरंदने पाहिलेलं होतं.

कधी कधी बोलता बोलता त्याचा आवाज एकदम बंद व्हायचा. अगदी ठार. पाठीमागच्या पंख्याची घरघरसुद्धा जायची.

"मकरंद? आहेस काय?"

थोड्या वेळाने परत यायचा. "आहे, आहे. नेट गेलं होतं."

आणि मी पडायची. पुलावरून, कड्यावरून, एकदा तर सपाट गावातल्या विहिरीत. तो म्हणायचा, तू डावं-उजवं करताना गडबडतेस. मला वाटायचं असेल. कानावर माझा एवढा विश्वास आणि कानच दगा देतायत, याचं वाईट वाटायचं. मी एकटीच बसून सराव करायची. डावं, उजवं, अर्धं डावं.

आईला आधी काही पटलं नव्हतं. "कुणाशी बोलाय लागलीस गं एवढं?"

"नाशिकचा हाय, आई. मला वाट दाखवतो."

"बसल्या जागी कुठली वाट?" तिने विचारलं. पण माझं हसणं तिने ऐकलं होतं, त्यामुळे पुढे बोलली नाही. महिन्याभरात तीच विचारायला लागली, "त्या पोराची नोकरी झाली काय?" तिने शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा डब्यात भरून अण्णांना कुरिअर करायला लावला. मकरंदने फोन करून तिला सांगितलं, "काकू, चटणी एका दिवसात संपली." ती तो फोन शेजारणींना सांगत फिरली.

एक दिवस मकरंद म्हणाला, "तू घराबाहेर शेवटची कधी पडलीस?"

"परवाच की," मी म्हणाले.

"खोटं नको सांगू."

"दवाखान्यात गेलतो. अण्णांच्या गाडीवरनं."

"चालत?"

"न्हाई."

"मग ऐक. फोन गळ्यात अडकव, कॅमेरा पुढे. एका कानात हेडफोन, दुसरा कान मोकळा. मला रस्ता दिसेल, मी सांगेन तसं चालायचं. इथे चालतेस तसंच. तुमच्या कोपऱ्यावर काय आहे?"

"चौगुलेंचं मेडिकल."

"तिथपर्यंत."

मी नाही म्हटलं. त्याने आठ-पंधरा दिवस तो विषय सोडला नाही. रागावला नाही, हट्टही केला नाही. फक्त म्हणायचा, "मी असताना तुला काय होणार आहे?" शेवटी एका सकाळी, वीज नसल्यामुळे माग बंद होते आणि गल्ली शांत होती, तेव्हा मी शेंडगे बाईंनी ठेवलेली काठी कोपऱ्यातून काढली. आईने फोनची दोरी माझ्या गळ्यात अडकवली. मग वाकून, फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन ती म्हणाली, "बाळ, सांभाळून ने रे तिला. उजव्या अंगाला गटार उघडं हाय."

"काळजीच करू नका, काकू."

त्याने मला नेलं. "दोन पायऱ्या. उतरलीस. आता सरळ. समोरून हातगाडी येतेय, सुताचे मोठाले रूळ आहेत तिच्यावर, डावीकडे भिंतीला लागून उभी राहा. गेली. चल. पुढे मोटरसायकल लावलीय, तिला वळसा घाल. काठी उजवीकडे टेकव, गटार तिथेच आहे, कळलं? त्याच्या अलीकडून." मधे एकदा त्याचा आवाज ठार बंद झाला, तशी मी जागच्या जागी थिजले. परत आला तेव्हा म्हणाला, "नेट. चल, थोडंच राहिलंय."

चौगुलेंच्या दुकानात औषधांचा वास नाकात शिरला तेव्हा मी हात पुढे करून काउंटर चाचपला.

"अरे, पद्मजा! कुणाबरोबर आलीस, बाळ?" चौगुलेकाकांनी विचारलं.

"एकटीच आलो," मी म्हणाले.

अण्णांच्या बीपीच्या गोळ्या घेऊन मी परत आले. आई दारातच उभी होती. तिने मला जवळ घेतलं नाही. तिने फोन हातात घेतला आणि मकरंदला म्हणाली, "तुझं लई चांगलं होईल बघ." आणि रडायला लागली. त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी झाली.

दिवाळीच्या सुट्टीत त्रिशला आली. माझी मावसबहीण. पुण्याला शिकत होती, हॉस्टेलवर राहायची. जेवणं झाल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं. तेवढ्यावरनंच मला काहीतरी वेगळं वाटलं. त्रिशला दारं लावणारी नव्हती.

"पद्मा, तू कुठं व्हिडिओबिडिओ टाकतीस काय?"

"मी? मला काय दिसतंय टाकायला?"

ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "माझी रूममेट काहीतरी बघून हसाय लागलेली. मला आवाज आला. 'मेलो काय परत?' असा. मी म्हटलं हा आवाज माझ्या ओळखीचा हाय."

मला अजून काही कळलं नव्हतं. खरंच कळलं नव्हतं. मी म्हटलं, "खेळातलं असंल. तिथं आम्ही बोलतो की."

"तू आणि कोण?"

"मकरंद."

तिने माझा हात धरला. "तो सगळं लाइव्ह दाखवतो, पद्मा. लोक बघतात. रोज दुपारी. कार्यक्रमच हाय त्याचा."

"कसला कार्यक्रम?"

तिला नाव सांगवेना. मी दोनदा विचारल्यावर सांगितलं. "आंधळी कोशिंबीर."

मी म्हटलं, "लाव."

"नको गं."

"लाव, म्हणतो ना."

आधी एक चढं संगीत वाजलं. मग मकरंद बोलला, पण तो आवाज मला माहीत नव्हता. उंच, भराभर, बाजारात माल विकणाऱ्यासारखा. "नमस्कार मंडळी! आंधळी कोशिंबीरमध्ये तुमचं स्वागत! आपली हिरोईन आलीय, पुलापाशी उभी आहे. चला पटापट, मतदान सुरू झालंय!"

"कसलं मतदान?" मी विचारलं.

त्रिशला वाचू लागली. "पडद्यावर एक चौकट हाय. दोन पर्याय आहेत. एक, पोचवा. दुसरा, पाडा."

"काय जास्त हाय?"

"पद्मा..."

"वाच."

"पाडा."

मग माझाच आवाज आला. लाकूड वाजाय लागलंय पायाखाली. त्याचं 'हळू, हळू'. त्याचं 'थांब'. ते त्याने किती उशिरा म्हटलं होतं ते आता बाहेरून ऐकताना स्वच्छ कळत होतं. मी पडले. खाली, त्रिशला म्हणाली, हसण्याची चित्रं झरझर वर सरकतायत, आणि लोक एकसारखं लिहितायत : मेलो, मेलो, मेलो. मग मी 'माझंच चुकलं' म्हणाले, आणि तेवढ्यात त्याने मला ऐकू जाणारा माइक बंद करून त्या लोकांना म्हटलं, "ऐकलंत? म्हणते माझंच चुकलं!"

नेट कधीच जात नव्हतं. प्रत्येक वेळी तो त्यांच्याशी बोलत होता.

त्रिशला बंद करायला निघाली. मी करू दिलं नाही. आम्ही खूप ऐकलं. एका ठिकाणी तो विचारत होता, "मंडळी, आज हिला आकाशाचा रंग कुठला सांगू?" आणि कुणी पोपटी म्हणत होतं, कुणी चॉकलेटी, कुणी आणखी काही. मग त्याने मला अगदी हळुवार आवाजात सांगितलं, "पद्मजा, आकाश आज पोपटी झालंय." आणि मी, त्या व्हिडिओतली मी, म्हणाले, "अय्या!"

"ते मेडिकलला गेलेलं हाय काय त्यात?" मी शेवटी विचारलं. त्रिशलाला तो प्रकार माहीत नव्हता. तिने शोधला. होता. सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला तोच होता. आमची गल्ली, आमचं दार, मोटरसायकलींचे नंबर, चौगुलेकाकांचा चेहरा. आई वाकून फोनपाशी आलेली. त्रिशला म्हणाली, "मावशीचं तोंड अख्खा पडदाभर दिसतंय."

बाळ, सांभाळून ने रे तिला.

मग मधे मी थिजून उभी राहिले ती जागा आली, आणि लोकांशी बोलणारा तो. लोक लिहीत होते, गटारात घाल, गटारात घाल. आणि मकरंद म्हणत होता, "नाही हं. हे नाही. हे खरं आहे, मंडळी, खेळ नाहीये. कुणी असलं लिहिलं तर मी बाहेर काढेन." आवाजात राग होता. खरा राग. तेवढं मला ओळखता येत होतं.

त्रिशला म्हणाली, "एवढी तरी अक्कल होती म्हणायची."

पण सगळ्या व्हिडिओत मला सर्वांत जास्त लागलं ते तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखे हेडफोन चढवले. त्रिशला शेजारी बसणार होती, मी तिला बाहेर जायला सांगितलं.

"आलीस!" मकरंद म्हणाला. माझ्यासाठीचा आवाज. मऊ. "आज उत्तरेच्या किल्ल्यावर चढायचंय. घंटा ऐकू येतेय?"

"येतीय."

"तिच्या जरा उजवीकडून निघायचं. खालून ओढा आहे."

मी चालले. का चालले ते सांगता येत नाही. कदाचित आणखी थोडा वेळ ते तसंच राहावं असं वाटलं असेल. गवत गेलं, खडी लागली, चढ लागला. तो सांगत होता आणि मी ऐकत होते. वारा वाढला. तो म्हणाला, "आता थांब, इथून सगळं खोरं दिसतंय. सांगू कसं दिसतंय?"

"मकरंद," मी म्हणाले, "आत्ता किती लोक बघाय लागलेत?"

आवाज ठार बंद झाला. पंख्याची घरघर गेली.

मी वाट बघत राहिले. पलीकडे तो त्यांना काय सांगत होता, काहीतरी चेष्टा करत होता की घाबरला होता, मला माहीत नाही. पुष्कळ वेळाने पंखा परत ऐकू आला.

"बंद केलं मी," तो म्हणाला. "आता कुणी नाहीये. फक्त आपण दोघं. बोल."

"बंद केलंस हे मला कसं कळणार?"

त्याची खुर्ची करकरली.

"सांग की. मला कसं कळणार?"

"शपथ घेतो."

"पुलावर बी शपथ घेतल्यासारखंच बोलायचास."

"पद्मजा, ऐक. सुरुवातीला तसं नव्हतं. सुरुवातीला मी खरंच मदत करायला आलो होतो. मग एक दिवस सहज दाखवलं, लोकांना तू आवडलीस. खूप आवडलीस. तुझं बोलणं, तुझी हिंमत. कितीतरी जण मला लिहायचे की तिच्याकडे बघून आम्हाला बळ येतं..."

"पाडा म्हणणारे?"

"ते खेळात! खेळात सगळेच मरतात. मी स्वतः रोज मरतो. त्यात तुला काय लागलं? खरचटलं तरी का?"

"मी एकटी बसून डावं-उजवं घोकायची, मकरंद. मला वाटायचं माझे कान बी गेले."

पंख्याची घरघर तेवढी येत राहिली.

"मला सांगायचं होतं," तो म्हणाला. "किती वेळा ठरवलं. पण सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"न्हाई आलो असतो."

"मग? घरातच बसली असतीस ना? बाहेर कुणी काढलं तुला? त्या दिवशी रस्त्यावर मी तुला नीट नेलं की नाही? खरं सांग."

"नेलंस."

"लोक म्हणत होते गटारात घाल. मी घातलं?"

"न्हाई. ऐकलं मी ते."

"ऐकलंस ना? मग तरी?" त्याच्या आवाजात आता आशा होती. त्याला वाटलं होतं, हे आपल्या बाजूचं आहे.

"म्हणजे तुला समजत होतं," मी म्हणाले. "खरं काय आणि खेळ काय, सगळं समजत होतं. समजत नसतं तर मी म्हटलं असतं, पोरगं येडं हाय. पण तुला समजत होतं आणि तू माझ्या आईला काळजी करू नका म्हणालास. तेव्हा बी ती सगळ्यांना दिसत होती."

तो रडायला लागला की नाक ओढत होता, मला नक्की सांगता येणार नाही. आदल्या दिवसापासून त्याच्या कुठल्याच आवाजाचा अर्थ मला लागेनासा झाला होता.

"ती हरणं?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडून गेलं.

"ती होती," तो म्हणाला. जरा उशिराने म्हणाला.

मी हेडफोन काढायला हात वर नेला.

"थांब, पद्मजा. तू कड्याच्या टोकावर उभी आहेस. निदान खाली तरी उतरवू दे मला. मग जा. एवढं कर."

मी उभी होते तिथे वारा होता, पण वारा त्या खेळात सगळीकडेच वाहायचा. मी कड्यावर होते की चांगल्या सपाट मैदानात, मला आजतागायत माहीत नाही. मी हेडफोन काढले आणि लॅपटॉपचं झाकण लावलं. बाहेर माग चालू होते. मला वाटतं तो पुढेही काही बोलत राहिला असेल.

त्रिशलाने तक्रारी करून बरेचसे व्हिडिओ काढायला लावले. सगळे निघाले नाहीत. त्याच्याकडचे गेले तरी लोकांनी आपापले तुकडे करून ठेवले होते, ते कुठे कुठे फिरतात याचा पत्ता लागत नाही. अण्णांना आम्ही सांगितलं; ते नाशिकला जायला निघाले होते, मीच अडवलं. आईला सांगितलं नाही. ती बरेच दिवस विचारायची, "तो पोरगा हल्ली फोन करत न्हाई काय? नोकरी लागली असंल, न्हाई?" मी म्हटलं, हो, लागली. तिला फार आनंद झाला. दिवाळीचा चिवडा त्याला पाठवायचा राहिला म्हणून ती हळहळली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी शेंडगे बाईंना मी पुन्हा बोलावलं. बी.कॉम. पुरं झालं, सांगलीला एका बँकेत नोकरी लागली, तिथेच खोली घेऊन राहते. याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्या खेळात मी परत गेले नाही. माझ्या बरोबरीचे काही जण अजून खेळतात. म्हणतात, घंटा आता फार हुशार झालीय, कडा आला की सूर बदलते, नदी आली की थांबते, कुणा माणसाची गरजच उरलेली नाही. मी ऐकून घेते.

परवा ऑफिसमधून निघाले, बस स्टँडसमोरचा रस्ता ओलांडायचा होता. शेजारी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. वयस्कर असावेत, बोलणं गोड होतं. म्हणाले, "ताई, रस्ता मोकळा आहे. चला, मी सोडतो पलीकडे." आणि त्यांनी माझ्या कोपराला अगदी हलका हात लावला.

रस्ता मोकळा होता. मलाही ऐकू येत होतं, दोन्ही बाजूंनी काही येत नव्हतं. त्यांनी पुन्हा म्हटलं, "चला ना, ताई. काही नाहीये."

मी हलले नाही. पाय उचललाच गेला नाही.

मग त्यांनी हात काढून घेतला, "बरं," म्हणाले, आणि त्यांच्या चपलांचा आवाज रस्ता ओलांडून पलीकडे गेला. त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. थोड्या वेळाने एक बस आली, ती जाऊ दिली, आणि मग मी एकटीच निघाले.